स्पेनहून आलेला अर्धा प्रसाद

९ जुलै १९८९, रविवार

ही डायरी माझ्या पोराला, कृष्णाला, कारखान्यातून मिळाली होती. सहा महिने कोरीच पडून राहिली. नात कौशल्या जाताना माझ्या मांडीवर ठेवून गेली. म्हणाली, "आजी, तू सांगत जा, आई लिहीन. मी आली का वाचीन."

मला अक्षर येत नाही. म्हणून सून लिहिते आणि मी मागाच्या कांड्या भरत बोलते. निर्मला दहावी शिकलेली. मी "काहून" म्हणते, ती "का" लिहिते. लिहू दे. माझी बोली कागदाला टोचत असेल.

आधी झालं ते सांगून टाकते. नात बारावीत चांगली निघाली. नागपुरात एक क्लब आहे, तो पोरापोरींची अदलाबदल करतो. इकडची एक पोरगी वर्षभर तिकडे शिकायला, तिकडची एक इकडे. आमची गेली स्पेन नावाच्या देशात. तिकडची येणार ती नागपूरच्या एका डॉक्टराकडे. पोरगी गेली आमची आणि आली डॉक्टराची! जुने लुगडे घेऊन भांडं देणारी बाईसुद्धा असा सौदा करत नाही.

जायच्या आधी मी तिचं साक्षगंध उरकून घेतलं. पोरगा लाखनीचा, खेमराज. बाप हिरालाल, दुकान हायवेवर, दिवसभर ट्रक थांबतात. सोयरीक मीच ठरवली. एवढ्या लांब वासरू सोडायचं तर गळ्यात दावं असावं. परत आली की लग्न.

साक्षगंधाच्या दिवशी घरात स्टो असताना निर्मलाने चहासुद्धा चुलीवर केला. दिवसभर धुरात बसली, डोळे लाल झाले. तिला चुलीचाच चहा आवडतो.

२ ऑगस्ट, बुधवार

पहिलं पत्र आलं. निर्मलाने वाचून दाखवलं, मग पुन्हा मनात वाचलं, मग उशीखाली ठेवलं.

तिकडे ज्या घरी राहते त्या घरात नवरा, बायको आणि पिलार नावाची पोरगी. रात्री दहाला जेवतात. कडू फळं तेलात मुरवून खातात. कौशल्याने लोणचं समजून एक तोंडात टाकलं, आणि तोंडाचं काय झालं ते चार ओळींत लिहिलं आहे.

खाली मुद्द्याची गोष्ट. ते लोक ख्रिश्चन. त्यांच्या एका जुन्या देवस्थानी या महिन्यात जगभरच्या पोरापोरींचा मेळा भरणार. त्यांचे मोठे धर्मगुरू, पोप, तेही येणार. पिलार आणि तिच्या गावची पोरं पायी जाणार. "मी जाऊ का?" असं विचारलं आहे.

निर्मलाने उत्तर आजच टाकलं, की जा.

मी म्हटलं, "कृष्णाले विचारलं का व?"

म्हणाली, "पोस्टाची पेटी खुलायची वेळ झाली होती, आत्याबाई."

कृष्णा जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, शनिवारी घरी येतो. आमची पोस्टाची पेटी काही शनिवारपर्यंत थांबत नाही. खरं आहे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पोळा. ज्याच्याकडे बैल त्याचा सण. आमच्याकडे माग आहे, त्याला कोणी शिंगं रंगवत नाही.

पत्र नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

आज पुष्कळ लिहायचं आहे, निर्मला, दिवा जवळ घे.

गणपती बसून दोन दिवस झाले. कृष्णा सुट्टीवर घरीच. सकाळी पत्र आलं, जाड. त्यात कागदाची एक पुडी.

कौशल्या मेळ्याला जाऊन आली. पाच दिवस चालली. पायाला फोड आले, ते एका डॉक्टरणीने सुईदोऱ्याने फोडले. आपल्याकडे लोक त्रिशूळ घेऊन पचमढीच्या महादेवाला चालतात तसेच ते चालतात, फक्त त्रिशुळाऐवजी काठी, आणि काठीला वाळका भोपळा. रस्त्यात भेटेल तो माणूस "वाट चांगली होवो" म्हणतो. शेवटी एक टेकडी. तिच्यावर लाखांनी पोरंपोरी, सगळे उघड्यावर झोपले. कोणी गिटार वाजवते, कोणी रडते, कोणाची भाषा कोणाला येत नाही. धर्मगुरू इतके दूर होते, की तांदळाच्या दाण्याएवढे दिसले. पांढरे होते म्हणून दाणा तरी ओळखू आला.

मग प्रसाद वाटला. पांढऱ्या छत्र्या घेऊन पुजारी गर्दीत शिरले आणि एकेकाला द्यायला लागले. पिलार पुढे गेली होती. कौशल्या रांगेत सरकली. आपण घेतो तसाच उजव्या हाताखाली डावा हात धरून घेतला, कपाळाला लावला. कागदासारखी पातळ, गोल, पांढरी चकती. अर्धी तिथं खाल्ली. अर्धी ओढणीच्या गाठीत बांधून आणली आणि पुडीत घालून धाडली. "आजी, हा तुझ्या वाट्याचा."

पोरीला वळण लावलं ते वाया गेलं नाही. देवळातून रिकाम्या हाताने घरी येऊ नये, हे तिला कोणी तिथं सांगायला नव्हतं, तरी समजलं.

पुडी उघडली तर चार तुकडे झालेले. जिभेवर एक कण ठेवून पाहिला. ना मीठ, ना साखर. त्यांचा देव पथ्यावर असेल.

आता चार तुकडे आणि घरांची अख्खी ओळ. पण थोडा प्रसाद वाढवायचा कसा हे काय मला शिकवायचं? चुरून गणपतीपुढच्या पितळी कटोऱ्यात टाकला, त्यात लाह्या, बत्ताशे, खोबरं. शेजारच्या धुरपताच्या घरापासून टोकाच्या घरापर्यंत सगळ्यांना वाटला. "स्पेनच्या देवाचा आहे, खाली पाडू नका," एवढंच सांगत गेले.

संध्याकाळी लाखनीहून इवाई आले, गणपतीच्या दर्शनाला. हिरालाल आणि त्याची बायको चंद्रभागाबाई. त्यांनाही दिला. हिरालालने हात पुन्हा पुढे केला. "खोबरं मस्त आहे, थोडा अजून द्या जी." चंद्रभागाबाईने खेमराजसाठी पदरात बांधून घेतला.

चहा पिता पिता हिरालाल बोलला, "पोरगी आली का मंग कॉलेज-फिलेज नाही हं. दुकानात गल्ल्यावर बसीन. विंग्रजी येते तर ट्रकवाल्याइले पाट्या लिहून देईन."

आम्ही सगळे हसलो. निर्मला कप उचलायला आत गेली.

१० सप्टेंबर, रविवार

कृष्णाने ते पत्र कारखान्यात नेलं होतं, मिरवायला. त्याच्या सेक्शनला चाकोसाहेब आहेत, केरळचे, ख्रिश्चन. त्यांना म्हणाला, बघा साहेब, माझी पोरगी तुमच्या पोपच्या मेळ्याला जाऊन आली. साहेब पत्र ऐकत हसत होते. पुडीची गोष्ट आली आणि हसू थांबलं.

आज ते स्वतः आले. उंच माणूस, केस पांढरे, चप्पल बाहेर काढून ओसरीवर उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"माताजी, वो किधर है?"

"काय?"

"जो बेटी ने भेजा."

"वाटलं न जी."

"किसको?"

"सगळ्याइले. अख्ख्या ओळीले."

त्यांनी डोळे मिटले. कृष्णा माझ्याकडे असा पाहत होता, जशी काही मी त्याच्या कारखान्यात काडी पेटवली. मग साहेबांनी सावकाश सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. तो प्रसाद नाही. ते त्यांच्या येशूचं अंग. मंत्र म्हटला की ती चकती चकती राहत नाही. ज्याची दीक्षा झाली त्यानेच घ्यायची, तिथंच खायची, घरी न्यायची नाही. वाटायची तर नाहीच.

"मंग पोरगी बाटली का साहेब?" कृष्णाने विचारलं.

"नही, कृष्णाराव. खाने से कोई ईसाई नही बनता. उसको मालूम नही था. लेकिन..."

मग साहेबांनी मला विचारलं, खाली कुठे पडलं का? मी म्हटलं, "प्रसाद कोण पाडते जी? आमच्या घरी लहान लेकरूबी दोन हातात घेते, डोक्याले लावते, मंग खाते."

तेव्हा ते पहिल्यांदा बसले. म्हणाले, ज्या भांड्यात मिसळलं ते पाहू द्या.

कटोरा गणपतीपुढेच होता. विसर्जनापर्यंत आम्ही तो घासत नाही. तळाशी चुरा होता. साहेबांनी कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोट लावलं. चुरा वेचून खाल्ला. मग निर्मलाकडून पाणी मागून घेतलं, कटोऱ्यात ओतलं, बोटाने कडेकडेने फिरवलं, आणि ते पाणी पिऊन टाकलं. पुन्हा पाणी, पुन्हा तसंच. शेवटी आपल्या रुमालाने कटोरा पुसला.

जाताना माझ्या पाया पडले. चहा घेतला नाही.

असा पाहुणा मी पाहिला नाही. भांडं धुतलेलं पाणी प्याला आणि पोट भरल्यासारखा गेला.

कृष्णाने सगळ्यांना बजावलं आहे, लाखनीला यातलं काही समजलं नाही पाहिजे. मी म्हटलं, मी काही सांगत नाही. ओळीतल्या लोकांना तर तो प्रसाद आहे एवढंच माहीत. धुरपता तेवढी साहेब पाणी पिताना दारात उभी होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

बरेच दिवस डायरी बंद. निर्मला बापाच्या श्राद्धाला माहेरी गेली होती. तिचं माहेर लाखनीच्या जवळच. येताना लाखनीच्या बाजारातून माझ्यासाठी तपकीर आणली. मी मागितली नव्हती.

२४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत. भांडण चालतं. हिरालाल आणि चंद्रभागाबाई सकाळच्या पहिल्या गाडीने आले.

हिरालाल खाटेवर बसला नाही. "कृष्णाराव, पोरीनं किरिस्तावाचा देव खाल्ला म्हणते. खरं का खोटं?"

कृष्णाचं तोंड उतरलं. "कोणी सांगितलं जी?"

"कोणी का सांगेना. हिच्या कानावर आलं बाजारात, एका बाईमाणसाकडून. खरं का खोटं ते सांगा."

कृष्णा म्हणाला, तिला माहीत नव्हतं, तिने प्रसाद समजून घेतला. हिरालाल म्हणाला, इंगळावर पाय पडला तर माहीत नव्हतं म्हणून भाजत नाही का? त्याचं म्हणणं एवढं: पोरीला दसऱ्याच्या आत तार करून बोलवा. वैनगंगेत नेऊन शुद्ध करा. मार्गशीर्षात लग्न लावून द्या. पुढचं शिक्षण, स्पेन, सगळं बंद. नाही तर साक्षगंध मोडलं, आणि का मोडलं ते आम्ही समाजात सांगणार.

"बोलवतो," कृष्णा म्हणाला. लगेच म्हणाला. मला वाटलं थोडा वेळ घेईल.

मी कांडी खाली ठेवली. म्हटलं, "इवाई, किरिस्तावाचा देव खाल्ल्यानं मनुष्य बाटते, हे पक्कं न?"

"पक्कं."

"मंग तुमी कोणत्या घाटावर बुचकळून घेतलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी कटोऱ्यात थोच होता. तुमी तर खोबरं मस्त आहे म्हणून दोनदा घेतला. पोरीनं अर्धा खाल्ला, एकदा."

चंद्रभागाबाई उठून न्हाणीकडे गेली आणि थुंकायला लागली. मी म्हटलं, "अवो इहीणबाई, आता थुंकून काय होते? पंधरवडा उलटला, थो कवाचा अंगी लागला."

ती पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अजी, खेमराजच्या तोंडात त मीच घातला."

"झालं," मी म्हटलं. "सगळेच चला वैनगंगेवर. भाड्याची गाडी करू. शुद्धीचा खर्च वाटून घेऊ."

दोघांनी चपला घातल्या. जाताना हिरालाल कृष्णाला एवढंच म्हणाला, "तार करा. दसऱ्यापर्यंत वाट पाहतो."

मी त्याला कोंडीत पकडलं असं मला वाटलं होतं. पण कृष्णा कागद घेऊन बसलाच. म्हणाला, तारेत आजारपण लिहिल्याशिवाय क्लबवाले सोडत नाहीत. "माय, आजी सीरियस असं लिहितो."

"मी नाही पडत सीरियस," मी म्हटलं. "दिवाळीचा माल मागावर आहे."

"मंग आई सीरियस."

निर्मला तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, "मीबी नाही."

लग्न होऊन वीस-एक वर्षं झाली, ती नवऱ्याच्या बोलण्यात कधी बोलली नव्हती. कृष्णा गडबडला. शेवटी त्याने स्वतःचंच नाव घातलं. धडधाकट मनुष्य मांडी घालून आपल्याच आजाराची तार लिहीत बसला. उद्या ड्युटी, म्हणून कागद निर्मलाकडे दिला, मोहाडीला जाऊन टाकायला.

कोणी सांगितलं असेल लाखनीला? ही धुरपताच. तिचा पाय मुरगळला आहे, महिनाभर गावाबाहेर गेली नाही, पण तिच्या तोंडाला कुठं पाय लागतात? तिच्या दारी जाऊन मी चांगली झाडली. ती शपथा घेत होती. निर्मला मला हात धरून ओढत होती, "जाऊ द्या न आत्याबाई, तिनं नसेन सांगितलं." हिचा जीव फार मऊ.

लिहिता लिहिता थांबली. शाई वाळली म्हणते.

३० सप्टेंबर, शनिवार

घट बसले. तार अजून गेली नाही. निर्मला दोनदा मोहाडीला जाऊन आली, दोन्ही वेळी तारेची लाईन बंद. एवढे दिवस लाईन बंद राहिलेली मी पहिल्यांदा ऐकली. कृष्णा रात्री घरी आला तर चिडला. म्हणाला, मंगळवारी मी भंडाऱ्याहूनच टाकतो, कागद दे. तो कागद सापडेना.

मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरगी राहू दे वर्षभर. पण सोयरीक माझीच आहे. मोडा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून मी नुसती कांड्या भरते.

८ ऑक्टोबर, रविवार

कृष्णाने मंगळवारी तार टाकली नाही. पैसे भरायच्या खिडकीपर्यंत गेला होता म्हणे. तिथं चाकोसाहेब भेटले की त्यालाच लाज वाटली, ते काही सांगत नाही. परवा दसरा.

दुपारी धनीराम आला. लाखनीची सोयरीक त्याच्याच मध्यस्थीने झाली होती. पाणी प्याला, घाम पुसला.

"माय, हिरालालनं पत्रिका पुन्हा पाहून घेतली. नाडी जमत नाही म्हणते."

"साक्षगंधाच्या वेळी जमत होती न?"

"त्या वेळचा ब्राह्मण वेगळा होता."

"अस्सं. मंग समाजात काय सांगणार?"

धनीराम खाली पाहत बोलला, "कायचंच काही नाही. त्यायनं तुमचं बोलायचं नाही, तुमी त्यायचं बोलायचं नाही. खोबऱ्याचं त बिलकुल नाही."

कृष्णा भिंतीला टेकून बसला होता. मग निर्मलाला म्हणाला, "क्लबाले लिहून टाक, पोरगी जूनपर्यंत राहीन." आणि जवाहरनगरची गाडी पकडायला उठला. गाडीला अजून दोन तास होते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

लाखनीहून साक्षगंधाला आलेली साडी, अंगठी, ओटीचा खण परत करायचं होतं. मी म्हटलं, धनीरामजवळ देऊन टाकू. निर्मला म्हणाली, मीच नेऊन देते. लेकीचं साक्षगंध मोडलं आणि आई स्वतः सामान परत न्यायला निघाली. दगडाचं काळीज लागतं. काल डोक्यावरून पदर घेऊन पहिल्या गाडीने गेली, दुपारी परत आली. काय झालं तिथं, विचारलं. "काही नाही. घेतलं त्यायनं," एवढंच.

मग खाटेवर पडली आणि झोपली. दिवसा झोपलेली मी तिला बाळंतपणातसुद्धा पाहिली नाही. दिवेलागणीपर्यंत उठली नाही. दुःखाने माणसाला अशीच झोप लागते. मी अंगावर चादर टाकली, कालचं लिहायचं राहू दिलं.

आज ती लिहिते आहे. तोंडाला पदर लावला आहे आणि खांदे हलत आहेत. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण एवढं दिसतं. मी म्हटलं, "रडू नको व निर्मला, पोरीले दुसरं घर भेटन."

खांदे आणखीच हलायला लागले. राहू दे. आईचं मन आहे, एकदा मोकळं होऊ दे.